रक्तातील कोलेस्टेरॉल आणि रोजचा आहार

रक्तातील बहुतेक कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच तयार करते. त्यामुळे पदार्थात कोलेस्टेरॉल किती यापेक्षा संपृक्त (सॅच्युरेटेड) चरबी किती, हे जास्त महत्त्वाचे. ती वाढली की यकृत रक्तातले एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, कमी उचलते आणि तपासणीत आकडा चढतो.

शेंगदाणा तेलाच्या डब्यावरचे ‘कोलेस्टेरॉल फ्री’ म्हणूनच फसवे. कोलेस्टेरॉल फक्त प्राणिज पदार्थांत असते. खोबरेल तेलातही ते नसते, पण त्यातली ८५ ते ९० टक्के चरबी संपृक्त असते. तुपात हे प्रमाण साधारण ६० टक्के, पामतेलात ५०, शेंगदाणा तेलात २०च्या आत-बाहेर आणि करडईत १०च्या आसपास.

दिवसाला २००० कॅलरी घेणाऱ्याने संपृक्त चरबी साधारण २२ ग्रॅमच्या आत ठेवावी. म्हशीच्या न साय काढलेल्या दुधाचा एक पेला (२०० मिली) सुमारे ८ ग्रॅम देतो, दोन चहाचे चमचे तूप ५ ते ६. त्यात कांदा-खोबऱ्याच्या वाटणातून वाट्याला २५ ग्रॅम सुके खोबरे आले, की आणखी १४ ग्रॅमच्या आसपास. मर्यादा तिथेच ओलांडली. दुधावरची साय काढणे उपयोगी, पण बहुतेक घरांत तिचेच लोणी कढवून तूप होते आणि ते वरणभातावर परत येते.

तूप-खोबरे कमी करून त्या जागी साखर, मैदा किंवा साबुदाणा वाढवला तर फारसा लाभ नाही. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली आणखी एक चरबी, वाढू शकतात. बदल करायचा तो करडई-शेंगदाणा तेल, दाणे, डाळी-उसळींकडे. ओट्स व जव यांतील बीटा-ग्लुकान हा विरघळणारा तंतू आतड्यात पित्ताम्लांना (चरबी पचवायला मदत करणाऱ्या पित्तातील आम्लांना) धरून शौचावाटे बाहेर नेतो. नवे पित्ताम्ल बनवायला यकृत रक्तातले कोलेस्टेरॉल वापरते. रोज ३ ग्रॅम बीटा-ग्लुकान, म्हणजे सुमारे ७५ ग्रॅम कोरडे ओट्स, घेतल्यास एलडीएल साधारण ५ टक्के उतरते. मैद्याची ओट्स बिस्किटे या हिशेबात धरू नयेत.

वनस्पती तुपातील ट्रान्स चरबी (तेल घट्ट करताना तयार होणारी) सर्वांत वाईट: ती एलडीएल वाढवते आणि एचडीएल, म्हणजे ‘चांगले’ कोलेस्टेरॉल, घटवते. भारतात जानेवारी २०२२पासून तेल-तुपात तिची मर्यादा २ टक्के आहे.

आहार बदलल्यावर ६ ते १२ आठवड्यांनी फेरतपासणी करावी. आनुवंशिक अतिकोलेस्टेरॉलमध्ये मात्र पथ्य पुरत नाही, औषध लागतेच. चालू औषध डॉक्टरांना न विचारता बंद करू नये.