साथ ओसरली कशी? मुंबईच्या प्लेगचं गणित

साथींच्या गणितावरचं पाठ्यपुस्तक उघडलं की त्यात बहुधा मुंबई भेटते. घंटेच्या आकाराचा एक आलेख असतो. १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळात मुंबई बेटावर प्लेगने दर आठवड्याला किती माणसं दगावली, त्याचे ठिपके आणि त्यांच्यामधून जाणारी एक गुळगुळीत रेघ. ती काढली एडिंबरोच्या विल्यम केरमॅक आणि अँडरसन मॅकेंड्रिक यांनी, १९२७ साली. मॅकेंड्रिक इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले डॉक्टर, कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटचे संचालक राहिलेले. केरमॅक रसायनशास्त्रज्ञ. १९२४ मध्ये प्रयोगशाळेतल्या अपघातात त्यांची दृष्टी गेली होती, म्हणजे ही समीकरणं त्यांनी कागद न पाहता मांडली!

त्यांची कल्पना आजही साथींच्या मॉडेलचा पाया आहे. लोकसंख्येचे तीन गट करायचे: ज्यांना लागण होऊ शकते ते, लागण झालेले, आणि बरे होऊन किंवा मरण पावून साखळीबाहेर गेलेले. नवी लागण पहिल्या दोन गटांच्या गुणाकाराप्रमाणे वाढते. समजा सुरुवातीला एक रोगी दोघांना लागण देतो. एकाचे दोन, दोनाचे चार. पण निम्मे लोक साखळीबाहेर गेले की त्या दोघांतला एकच रोगाच्या तावडीत सापडतो, आणि तिथून साथ उतरणीला लागते. जंतू बदललेला नसतो, औषध आलेलं नसतं, तरी ती उतरते. साथ थांबायला प्रत्येकाला लागण व्हावी लागत नाही, हे या दोघांनी समीकरणातून दाखवलं.

मुंबईचे ठिपके त्यांच्या रेघेवर छान बसले. शिखर सतराव्या आठवड्यात, एप्रिलच्या मध्याला, आठवड्याला सुमारे ८९० मृत्यू. पण रेघ जुळली म्हणजे तिच्यामागचं कारणही जुळलं असं होत नाही. मला या विषयात सगळ्यांत मोलाची गोष्ट हीच वाटते.

हिशोब करून पाहता येतो. त्या रेघेखालच्या मृत्यूंची बेरीज सुमारे ८,९०० भरते. सुरुवातीला मृत्यू दर आठवड्याला साधारण दीडपट होत होते. लागण झालेला माणूस आठवडाभर संसर्ग देतो असं धरलं, तर या वेगाचा अर्थ एका रोग्यामागे सरासरी १.४ नवे रोगी. याच मॉडेलप्रमाणे अशी साथ थांबेपर्यंत निम्म्या शहराला गाठते. तेव्हा मुंबईची वस्ती दहा लाखांच्या जवळ होती. म्हणजे पाचेक लाख लोकांना लागण व्हायला हवी होती, आणि त्या काळी प्लेग झालेले बहुतेक रोगी वाचत नसत. मृत्यू मात्र झाले नऊ हजारांच्या आसपास. लागण होऊ शकणारी माणसं संपलीच नव्हती, तरी साथ उतरली.

उत्तर शेजारच्या वर्षांत आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेग ओळखला. पुढे १८९७ पासून किमान १९११ पर्यंत तो दरवर्षी यायचा. हिवाळ्यात चढायचा आणि पावसाळ्याच्या तोंडावर ओसरायचा. सगळी वर्षं एका कागदावर मांडली तर करवतीचे दाते दिसतात, आणि १९०६ हा त्यातला फक्त एक दाता. फ्रेंच गणितज्ञ निकोला बाकाएर यांनी २०१२ मध्ये नेमकं हेच दाखवलं: ही साथ माणसं कमी पडल्यामुळे नव्हे, ऋतूमुळे उतरली होती. केरमॅक आणि मॅकेंड्रिक यांच्यावर अन्याय नको. आपली गृहीतकं पूर्णपणे लागू पडत नाहीत, हे त्यांनी त्याच निबंधात लिहून ठेवलं होतं. पुढच्या पुस्तकांनी चित्र उचललं आणि तो इशारा मागे राहिला.

प्लेग मुळात उंदरांचा रोग. उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा माणसाकडे वळतात. परळच्या प्रयोगशाळेत काम केलेल्या प्लेग कमिशनच्या नोंदींत आधी उंदरांची मर आणि मग माणसांची, असा क्रम स्पष्ट दिसतो. पिसवांची संख्या हवामानाप्रमाणे बदलते. शिवाय पिसूच्या अन्नमार्गात प्लेगच्या जंतूंची गुठळी अडकली की ती उपाशी राहून पुन्हा पुन्हा चावते, आणि उष्णता वाढली की ही गुठळी टिकत नाही.

आता मॉडेलमध्ये ऋतू कसा आणायचा? संसर्गाचा दर कायम एकच न धरता वर्षभर वरखाली होणारा धरायचा. बदल छोटा, पण त्याचे परिणाम चकित करतात. १९५० च्या दशकात इंग्लंडमध्ये गोवराची मोठी साथ एक वर्षाआड येई. शाळा भरल्या की संसर्ग वाढे, तो दरवर्षीच. पण मोठ्या साथीनंतर गोवर न झालेली मुलं फारशी उरत नसत, आणि नव्या जन्मांनी तो साठा भरायला वेळ लागे. वेळापत्रक शाळेचं, आकार शिल्लक मुलांचा. साथ उतरताना या दोन कारणांतलं कोणतं किती, हे वेगळं काढल्याशिवाय पुढच्या वर्षाबद्दल काहीच बोलता येत नाही. फवारणीचा किंवा बंदोबस्ताचा उपयोग झाला का, तेही नाही; कारण ऋतू संपताना केलेला प्रत्येक उपाय यशस्वी दिसतो.

पुण्यातल्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०२५ मध्ये पुण्याच्या डेंग्यूवर असंच काम प्रसिद्ध केलं. पावसाळ्यात तापमान २७ अंशांच्या वर, आर्द्रता ६० ते ७८ टक्के आणि पाऊस मध्यम पण पसरून पडणारा असेल, तर डेंग्यू वाढतो. आठवड्यात १५० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला तर उलट घटतो, कारण डासांची अंडी आणि अळ्या वाहून जातात. म्हणजे एकूण पाऊस किती, यापेक्षा तो कसा पडला हे महत्त्वाचं. यावरून दोन महिने आधी अंदाज देता येतो. दोन महिन्यांत रक्तपेढ्यांना तयारी करता येते, टाक्या आणि कुंड्या तपासता येतात. पण त्यासाठी रुग्णांचे आकडे दर आठवड्याला, वॉर्डनिहाय हवेत. पावसाचा आकडा आपल्याला रोज कळतो. डेंग्यूचा तसा कळू लागला, तर हे मॉडेल वॉर्डापर्यंत पोचेल.