ऑनर एन्सेम्बल (अमेरिकेतलं शालेय संगीत)

अमेरिकेत वेगवेगळ्या शाळांमधून ऑडिशन घेऊन निवडलेल्या मुलांचा दोन-चार दिवसांपुरता जमवलेला बँड, ऑर्केस्ट्रा किंवा कॉयर म्हणजे ऑनर एन्सेम्बल. आधी जिल्हा किंवा विभाग, मग राज्य (यालाच ऑल-स्टेट म्हणतात) आणि वर देशपातळी, अशा साधारण पायऱ्या, पण प्रत्येक राज्याचे नियम वेगळे. बाहेरून नावाजलेला कंडक्टर बोलावतात, दिवसभर तालमी, शेवटी एक कार्यक्रम, की पोरं आपापल्या गावी परत.

सुरुवात कुठून धरायची यावर एकमत नाही. पार मुळाशी गेलं तर बोस्टन लागतं. लोवेल मेसनने १८३७ मध्ये तिथल्या एका शाळेत वर्षभर फुकट गाणं शिकवलं आणि १८३८ मध्ये शाळा समितीने संगीत हा विषय अभ्यासक्रमात घेतला. पण ते गाणं होतं. वाद्यांचा जोर वाढला तो मुख्यतः पहिल्या महायुद्धानंतर, लष्करी बँडमधले वादक परत येऊन शाळेत शिकवायला लागले आणि वाद्यं बनवणाऱ्या कंपन्यांनीही रेटा लावला तेव्हा. काही जण १९२३ ची शिकागोतली राष्ट्रीय शालेय बँड स्पर्धा आरंभ मानतात, पण तिथे शाळेचा अख्खा बँड उतरायचा, निवडक मुलं नाही, त्यामुळे ती वेगळी परंपरा धरणं जास्त पटतं. राज्य पातळीवरचे गट १९२० च्या दशकात सुरू झाले असावेत, 'पहिले आम्हीच' म्हणणारी राज्यं एकाहून जास्त आहेत. देशपातळीवर मात्र संगीत शिक्षक जोसेफ मॅडीने १९२६ मध्ये डेट्रॉइटला संगीत शिक्षकांच्या अधिवेशनासाठी जमवलेला दोनशेहून जास्त मुलांचा नॅशनल हायस्कूल ऑर्केस्ट्रा हाच आरंभ मानावा. पुढच्या वर्षी डॅलसला हीच कल्पना त्याने शाळांच्या सुपरिंटेंडंट लोकांपुढे वाजवून दाखवली, म्हणजे शाळांचं बजेट ज्यांच्या हातात त्यांच्याच कानावर घातली! १९२८ मध्ये मिशिगनमधल्या इंटरलॉकनला त्याचा उन्हाळी कॅम्प सुरू झाला. १९४२ मध्ये वादकांच्या युनियनचे अध्यक्ष जेम्स पेट्रिलो यांनी इथल्या मुलांचं रेडिओवरचं प्रक्षेपण बंद पाडलं, कारण फुकट वाजवणारी मुलं आली की पोटावर पाय येतो असं युनियनचं म्हणणं, आणि १९४६ च्या ली ॲक्टमागे (रेडिओ स्टेशनांवर युनियनचा असा दबाव रोखणारा कायदा) हे भांडणही होतं.

ऑडिशन बऱ्याच ठिकाणी पडद्याआडून होते. परीक्षक पलीकडे, मुलाला नाव नाही फक्त नंबर, आणि तोंडातून शब्द काढायचा नाही, शंका असली तर शेजारी देखरेखीला बसलेल्या मॉनिटरच्या कानात सांगायची. तयार केलेला तुकडा, स्केल्स (सुरांची चढती-उतरती ओळ), मग न पाहिलेलं नोटेशन समोर ठेवतात, काही क्षण बघायला मिळतं, की लगेच वाजवायचं. टेक्सासमध्ये विभाग, एरिया आणि राज्य अशा फेऱ्या होऊन फेब्रुवारीत सॅन अँटोनियोला कार्यक्रम होतो. मार्कांवरून बसायची जागा ठरते, पहिल्या खुर्चीला मोठा मान.

संगीताने गणित सुधारतं वगैरे दावे जरा जपूनच घ्यावेत, कारण संगीत घेणारी मुलं मुळातच वेगळ्या घरातली असू शकतात. खरी किंमत वेगळीच आहे. छोट्या गावच्या शाळेत बासून (खालच्या सुरांचं लाकडी फुंकवाद्य) वाजवणारं एकच पोर असतं, बँडमध्ये त्याचा सूर ट्युबा या मोठ्या पितळी वाद्याखाली दबून जातो, आणि इथे पहिल्यांदा त्याच्या शेजारी आणखी तिघं बासूनवाले बसतात आणि तोच सूर त्याला स्वच्छ ऐकू येतो. हे एका शाळेला एकटीने जमणारं नाही. पण तिथपर्यंत ते पोर पोचतं ते शाळेतल्या रोजच्या बँडच्या तासामुळे, म्हणून तास बंद करून नुसते ऑनर बँड चालवणं म्हणजे पाया काढून कळस ठेवणं. २०१५ च्या शिक्षण कायद्यात संगीताचं नाव सर्वांगीण शिक्षणाच्या विषयांत घातलंय, पण पैसे राज्यं आणि स्थानिक बोर्डंच ठरवतात.

टीका मुख्यतः खर्चावर होते. खाजगी शिकवणी आणि चांगलं वाद्य परवडणारी मुलं ऑडिशनला पुढे जातात, पडद्याने नाव झाकलं जातं, क्लॅरिनेटची किंमत झाकली जात नाही. काही ठिकाणी शाळा वाद्यं भाड्याने देतात किंवा फी माफ करतात.