ज्येष्ठ नागरिकांचे फसवणुकीपासून संरक्षण (गोवा)

साठी ओलांडलेल्या व्यक्तींची बचत, निवृत्तिवेतन, दागिने आणि जमीनजुमला भामट्यांच्या हाती पडू नये, आणि पडलाच तर तो परत मिळावा, यासाठी घरची माणसे, बँक, पोलीस व महसूल खाते यांनी करायचे उपाय. गोव्यात या प्रश्नाला दोन गोष्टींमुळे धार आली आहे. मुले आखातात, जहाजावर किंवा पोर्तुगाल-इंग्लंडात असल्याने मोठ्या घरात वृद्ध जोडपे किंवा एकटीच आजी राहते, असे चित्र गावोगावी दिसते. शिवाय त्यांच्या नावावरच्या जमिनीला आज मोठा भाव आहे, पण तिचे जुने दस्त पोर्तुगीज भाषेत असल्यामुळे घरातल्या तरुणांना ते वाचता येत नाहीत.

वृद्ध माणूस फसतो तो मोबाइल कळत नाही म्हणून, हा समज अपुरा आहे. निवृत्त मुख्याध्यापक, बँक अधिकारी आणि डॉक्टरही फसले आहेत. भामट्याला सावज एकटे आणि घाईत हवे असते, म्हणून टिकणारा प्रत्येक उपाय एक तर वेळ मिळवून देतो किंवा मध्ये दुसरे माणूस उभे करतो.

फोनवरील फसवणूक

मोठमोठ्या रकमा जातात त्या ‘डिजिटल अरेस्ट’मध्ये, म्हणजे फोनवरच अटक केल्याच्या बतावणीत. तुमच्या आधार क्रमांकावर अमली पदार्थांचे पार्सल सापडले, असे सांगून फोन येतो. मग व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस दिसतो, मागे पोलीस ठाण्यासारखी भिंत असते आणि व्हॉट्सअ‍ॅपवर शिक्का मारलेले ‘वॉरंट’ येते. कॅमेरा बंद करायचा नाही, खोलीबाहेर जायचे नाही, मुलांना कळवले तर त्यांनाही अटक होईल, अशी धमकी देऊन वृद्धाला कधी कधी कित्येक दिवस कॉलवर अडकवून ठेवतात. शेवटी मुदत ठेव मोडून रक्कम ‘तपासणीसाठी’ सरकारी म्हणून सांगितलेल्या खात्यात भरायला लावतात. बँकेत जाताना फोन चालूच ठेवून खिशात ठेवायचा, कोणी विचारले तर नातीच्या लग्नासाठी किंवा फ्लॅटसाठी पैसे हवेत असे सांगायचे, हेही पढवलेले असते. त्यामुळे खिडकीवरचा बँक कर्मचारी हा अखेरचा अडसर ठरतो. घाबरलेल्या, सारखा फोन चाचपणाऱ्या ग्राहकाला आत बसवून, फोन बाहेर ठेवायला सांगून त्याच्याशी दोन मिनिटे बोलले तरी व्यवहार थांबू शकतो.

भारतीय कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाची गोष्टच नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ नुसार पोलीस साठ वर्षांवरील पुरुषाला, तसेच कोणत्याही वयाच्या स्त्रीला, चौकशीसाठी साक्षीदार म्हणून राहत्या जागेबाहेर हजर राहायला भाग पाडू शकत नाहीत. कलम ३५ नुसार तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात साठीवरील व्यक्तीला अटक करण्यापूर्वी किमान उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची परवानगी लागते. या दोन तरतुदी मोठ्या अक्षरांत लिहून टेलिफोनपाशी लावून ठेवाव्यात.

इतर प्रकार थोडक्यात असे: वीज आज रात्री तोडणार असा संदेश, केवायसी संपल्याची बतावणी, हयातीचा दाखला अडल्याचे सांगून ओटीपी मागणे, आणि लग्नपत्रिका किंवा वाहन चलान म्हणून पाठवलेली एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी फाइल. ही फाइल फोनमध्ये बसली की ओटीपीचे संदेश भामट्याकडे जाऊ लागतात. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीच लागत नाही. परदेशातल्या मुलाचा आवाज काढून अपघाताचा कांगावा होतो, तेव्हा फोन ठेवून मुलाच्या नेहमीच्या क्रमांकावर स्वतः फोन करावा. घरात एक परवलीचा शब्द आधीच ठरवून ठेवणे त्याहून चांगले.

दारावर येणारे

भांडी चकचकीत करून देतो म्हणत दोघे येतात आणि आधी तांब्या-समई फुकट उजळून दाखवतात. विश्वास बसला की सोन्याच्या बांगड्या मागतात. त्या ज्या द्रावणात बुडवतात त्यात अम्लराज, म्हणजे नायट्रिक व हायड्रोक्लोरिक आम्लांचे मिश्रण, असू शकते. त्यात सोने विरघळते. मग बांगड्या हळदीच्या पाण्यात घालून डबा किंवा कुकर बंद करतात आणि पंधरा मिनिटांनी उघडा असे बजावून निघून जातात. बांगड्या लखलखीत निघतात, पण वजन घटलेले असते. कधी डबाच रिकामा असतो. तोतया पोलिसांची युक्ती रस्त्यावरची: पुढे चोरी झाली आहे, दागिने काढून कागदात बांधा, असे सांगून पुडी बदलतात. खरा पोलीस कोणालाही दागिने उतरवून पुडीत बांधायला सांगत नाही.

जमीन

फोनवर गेलेले पैसे त्याच दिवशी कळतात; जमीन गेलेली वर्षानुवर्षे कळत नाही. मालक वारलेला किंवा परदेशी असलेल्या मिळकती बनावट दस्तांनी दुसऱ्याच्या नावावर झाल्याच्या तक्रारी वाढल्यावर २०२२ मध्ये गोवा पोलिसांचे विशेष तपास पथक नेमले गेले, आणि सरकारने निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा एकसदस्यीय आयोगही नेमला.

एक-चौदा उतारा, म्हणजे गावातल्या जमिनीच्या हक्कनोंदीचा कागद, वर्षातून निदान एकदा ऑनलाइन काढून पाहावा. कब्जेदार आणि इतर हक्क हे दोन रकाने मुद्दाम तपासावेत. शहरी मिळकतीसाठी त्याऐवजी फॉर्म डी पाहावा लागतो. आजोबांचे नाव उताऱ्यावर तसेच राहिले असेल तर वारसांची नोंद व इन्व्हेंटरीची (वारसांत मालमत्ता वाटण्याची न्यायालयीन) कार्यवाही लांबणीवर टाकू नये, कारण मृताच्या नावावरची मिळकत भामट्याला सर्वांत सोपी. म्युटेशनची (उताऱ्यावरचे नाव बदलण्याची) नोटीस आली तर दिलेल्या मुदतीत मामलेदारांकडे लेखी हरकत नोंदवावी. मूळ दस्त कोणाला ‘दाखवायला’ देऊ नयेत, प्रमाणित प्रत द्यावी. कुलमुखत्यारपत्र द्यायचेच तर एका ठरावीक कामापुरते द्यावे. गोव्याच्या नागरी कायद्यात पती-पत्नीची मालमत्ता सर्वसाधारणपणे सामाईक असते आणि विक्रीला दोघांची सही लागते. एकट्याकडूनच सही घेण्याची घाई कोणी करत असेल तर तिथेच थांबावे.

दुखरी गोष्ट अशी की सही घेणारा कित्येकदा घरातलाच असतो. सांभाळ करण्याच्या अटीवर मुलाला घर बक्षीस द्यायचे असेल तर ती अट दस्तात स्पष्ट लिहावी. अट मोडल्यास २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द ठरवू शकते.

बँकेतली व्यवस्था

खाती दोन ठेवावीत. यूपीआय व एटीएम कार्ड जोडलेल्या खात्यात महिन्याच्या खर्चापुरतीच रक्कम असावी. ठेवी व मोठी बचत दुसऱ्या खात्यात, नेट बँकिंगशिवाय. संयुक्त ठेव दोघांच्या सहीनेच मोडेल अशी सूचना बँकेला लेखी द्यावी. कार्डाचा परदेशी वापर बंद ठेवावा, दैनिक मर्यादा उतरवावी, आणि आधारचे बायोमेट्रिक लॉक करावे म्हणजे अंगठ्याच्या ठशावर पैसे निघणार नाहीत. ठेवीच्या नावाखाली विमा गळ्यात मारला गेला असेल तर पॉलिसी हाती आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते.

पैसे गेल्यावर

लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठीच्या राष्ट्रीय क्रमांकावर फोन करावा. बँकेचे नाव, खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा १२ अंकी यूटीआर क्रमांक हाताशी ठेवावा. तक्रार संबंधित बँकांकडे जाते आणि पुढच्या खात्यात उरलेली रक्कम गोठवली जाते. भामटे पैसे एकामागून एक भाड्याच्या (दुसऱ्यांच्या नावावरच्या) खात्यांत फिरवून एटीएममधून काढतात, म्हणून पहिले तासच मोलाचे. त्यानंतर आपल्या बँकेला लेखी कळवून पोच घ्यावी. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक ग्राहकाची नसेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले तर तोटा ग्राहकावर पडत नाही. ओटीपी स्वतः सांगितला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचा तोटा ग्राहकाचाच. फोन रीसेट करू नये, पुरावा पुसला जातो. फक्त विमान मोडवर टाकावा आणि पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदलावेत.

गोठवलेली रक्कम आपोआप परत येत नाही. त्यासाठी सहसा न्यायालयात अर्ज करावा लागतो आणि त्यात महिने जातात. याच काळात ‘तुमचे पैसे सोडवून देतो, फक्त शुल्क भरा’ असा फोन येतो. फसलेल्यांच्या याद्या भामटे एकमेकांना विकतात. आणखी एक नुकसान घरात होते: मुले ओरडतील या भीतीने वृद्ध माणूस बोलतच नाही आणि पहिले तास हातचे जातात. त्यामुळे घरच्यांनी आधी १९३० लावावा, रागवायचे असेल तर ते नंतर. घरात बोलायला कोणी नसेल तर १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.