पोटातला बायपास आणि पेलाभर दूध

कोल्हापुरात दूध न पचणं जवळजवळ लाजिरवाणं मानतात. गंगावेशीत म्हशीची धार समोर काढून घेऊन फेसाळ दूध उभ्या उभ्या पिणारं हे गाव. तालमीतल्या पोराचा खुराक म्हटला की आधी दूधच आठवतं. अशा गावात वजन कमी करण्याचं ऑपरेशन करून आलेला माणूस काही महिन्यांनी सांगायला लागतो की कपभर दूध घेतलं तरी पोट फुगतं, गुडगुडतं आणि धावत जावं लागतं. घरच्यांचं निदान ठरलेलं असतं, ‘ऑपरेशन बिघडलं.’ आजीचंही ठरलेलं असतं, ‘दृष्ट लागली.’ मीठ-मोहऱ्या ओवाळल्यानं आतड्याचं काही बिघडत नाही आणि सुधारतही नाही. पण ऑपरेशन बिघडलं असं धरून माणूस दूध-दही-ताक सगळंच एकदम सोडतो, ते मात्र अंगाशी येतं.

दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज. गाईचं घ्या नाहीतर म्हशीचं, १०० मिलीत साधारण ५ ग्रॅम. ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज या दोन साखरा जोडून लॅक्टोजचा रेणू होतो आणि तो अखंड असेपर्यंत आतड्याच्या भिंतीतून आत शिरू शकत नाही. जोड तोडायला लॅक्टेज नावाचं विकर लागतं. इथपर्यंत शाळेतलंच आहे.

शाळेत न सांगितलेली गोष्ट अशी की लॅक्टेज आतड्यात वाहत नसतं. स्वादुपिंडाचे पाचकरस नळीतून येऊन अन्नात मिसळतात आणि त्याच्यासोबत पुढे जातात. लॅक्टेज तसं नाही. लहान आतड्याच्या आतल्या अंगाला जे बारीक उंचवटे असतात, त्यांच्यावरच्या पेशींच्या पृष्ठभागात ते रोवलेलं असतं. टोलनाक्यासारखं समजा (टोलविरोधात रस्त्यावर उतरलेल्या कोल्हापूरकरांनी उपमेबद्दल माफ करावं): गाडी बायपासनं निघून गेली, तर नाकेवाला पावतीपुस्तक घेऊन मागं धावत नाही. शिवाय हे विकर सगळीकडे सारखं नसतं. लहान आतड्याच्या अगदी सुरुवातीला, ड्युओडेनममध्ये, कमी असतं. पुढच्या जेजुनममध्ये भरपूर असतं आणि शेवटाकडे पुन्हा विरळ होत जातं. ते धारण करणाऱ्या पेशीही चार-पाच दिवसांत झडून नव्या येतात. म्हणून तर जोराची हगवण होऊन गेल्यावर काही दिवस धडधाकट माणसालाही दूध बाधतं.

आता गॅस्ट्रिक बायपासमध्ये काय करतात ते पाहा. जठराच्या वरच्या टोकाला साधारण ३० मिलीची पिशवी करून ती थेट जेजुनमला जोडतात. उरलेलं जठर, ड्युओडेनम आणि जेजुनमचा सुरुवातीचा तुकडा अन्नाच्या वाटेतून बाजूला पडतो. त्या भागातला पाचकरस खालच्या जोडावर येऊन अन्नाला गाठतो. पण तिथल्या भिंतीतलं लॅक्टेज जागेवरच राहतं आणि दुधाची व त्याची गाठच पडत नाही.

दुसरा हिशेब वेळेचा. नेहमीच्या साखरेचा रेणू फुटायला वेळ लागत नाही, फुटलेले तुकडे शोषायलाच काय तो लागतो. लॅक्टोजचं उलटं आहे, इथे फोडण्याचंच काम रेंगाळतं. त्यामुळे दूध किती वेगानं येतं याला फार महत्त्व. जठराच्या खालच्या तोंडाशी असलेली झडप एरवी अन्न थोडंथोडं सोडते. बायपासनंतर ती वाटेतच उरत नाही आणि पेलाभर दूध एकदम आतड्यात येतं. स्लीव्ह प्रकारात (जठर कापून अरुंद नळीसारखं करतात) वाट बदलत नाही, झडपही राहते. तरी जठर लवकर रिकामं होतं, म्हणून काहींना तिथेही त्रास जाणवतो.

मग सगळ्यांनाच का होत नाही? कारण मुळातली शिल्लक वेगवेगळी असते. जगातल्या साधारण दोन-तृतीयांश प्रौढांत लॅक्टेज लहानपणानंतर कमी होत जातं. उरलेल्यांत दुसऱ्या गुणसूत्रावरचा एक छोटा बदल ते चालू ठेवतो. कमी लॅक्टेजवालेही जेवणासोबत कपभर दूध निभावून नेतात, कारण जठर त्यांना सांभाळून घेतं. ऑपरेशननं तो आधार जातो आणि आधीचीच कमतरता उघडी पडते.

न फुटलेलं लॅक्टोज आपल्यासोबत पाणी अडवून धरतं. पेलाभर, म्हणजे २०० मिली, दुधातलं १० ग्रॅम लॅक्टोज अख्खं राहिलं तर गणितानं जवळजवळ १०० मिली पाणी आतड्यातच अडकतं. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यावर ताव मारतात आणि वायू तयार होतात, त्यांत हायड्रोजनही. आपल्या पेशी हायड्रोजन वायू बनवत नाहीत. म्हणून रक्तातून फुप्फुसात येऊन श्वासात सापडलेला हायड्रोजन म्हणजे जिवाणूंची चहाडी, आणि लॅक्टोज पचतं का याची श्वासाची तपासणी त्यावरच चालते. बायपासनंतर मात्र अन्न लवकर खाली पोचतं, त्यामुळे निकाल डॉक्टरांनीच वाचावा. गोड चहा-दुधानंतर अर्ध्या तासात घाम, धडधड, चक्कर येत असेल तर ते वेगळं प्रकरण, डंपिंग. तेही सांगावं.

‘ए-टू दूध घ्या, त्यानं नाही होत’ हा सल्ला फुकट मिळतो, दूध मात्र महाग मिळतं. ए-टू हा प्रथिनाचा प्रकार आहे, त्यातलं लॅक्टोज तेवढंच. म्हशीचं दूध तर आधीपासून ए-टूच. कच्च्या दुधात ‘जिवंत विकरं’ असतात म्हणून ते पचतं, हेही खोटं: लॅक्टेज त्यातही नसतं. क्षयाचे किंवा ब्रुसेलाचे जंतू मात्र असू शकतात.

दह्याची गोष्ट वेगळी. विरजणाचे जिवाणू थोडं लॅक्टोज आधीच खातात आणि आपलं विकर सोबत घेऊन पोटात उतरतात. कढी उकळली की तो फायदा जातो. तुपात लॅक्टोज नावालाच, खव्यात मात्र आटून दाट झालेलं. पांढऱ्या रश्श्याला घाबरायचं कारण नाही, नारळाच्या दुधात ही साखर नसते. ऑपरेशननंतर देतात त्या प्रोटीन पावडरचा डबा मात्र वाचावा. व्हे म्हणजे दुधाच्या निवळीतलं प्रथिन; त्याच्या कॉन्सन्ट्रेटमध्ये लॅक्टोज असतं, आयसोलेटमध्ये फार थोडं. सगळंच बंद करणं धोक्याचं, कारण कॅल्शियम शोषणारं मुख्य ठिकाण ड्युओडेनम आणि तेच वाटेतून गेलेलं. नाचणी, तीळ खावेतच, पण बहुतेकांना कॅल्शियम सायट्रेटच्या गोळ्या लागतात. या प्रकाराला जठरातल्या आम्लाची गरज पडत नाही.

लॅक्टेजच्या गोळ्याही मिळतात. त्यांतलं विकर भिंतीला चिकटत नाही, दुधाबरोबर वाहतं. म्हणून गोळी पहिल्या घोटासोबतच घ्यायची. पोट गुडगुडायला लागल्यावर घेतली, तर दूध तोवर पुढे गेलेलं असतं.