तारकर्लीचा डॉल्फिन आणि कायकोराचा डॉल्फिन: बघायला जाणं वेगळं, पोहायला जाणं वेगळं

पर्यटनाचा हंगाम सुरू झाला की मालवण, तारकर्ली, देवबाग, दापोलीच्या होडीवाल्यांना एकच प्रश्न विचारला जातो: "डॉल्फिनबरोबर पाण्यात उतरता येतं ना?" उत्तर आहे, नाही. गोव्यातही नाही. तरी हा प्रश्न संपत नाही, कारण मोबाइलवर फिरणाऱ्या व्हिडिओत निळंशार पाणी असतं, अंगात काळा वेटसूट (थंड पाण्यात घालायचा रबरी पोशाख) घातलेला माणूस असतो आणि त्याच्याभोवती पाच-सहा डॉल्फिन गिरक्या घेत असतात. तो व्हिडिओ बहुतेक वेळा न्यूझीलंडच्या कायकोरासारख्या ठिकाणचा असतो. त्यात भर म्हणजे आपल्याकडच्या फलकांवर "डॉल्फिन + स्नॉर्केलिंग" असं एका ओळीत लिहिलेलं असतं. स्नॉर्केलिंग म्हणजे मास्क लावून, तोंडात श्वासाची नळी धरून पाण्यात बघत पोहणं. त्या दोन वेगळ्या फेऱ्या असतात, पण वाचणारा त्या जोडूनच वाचतो.

कोकणातली फेरी बहुतेकांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. ऑक्टोबर ते मे हा काळ, पावसाळ्यात होड्या बंद. सकाळी साडेसहा-सातला निघायचं. खारे वारे सुटायच्या आत, म्हणजे दहाच्या आधी, समुद्र सपाट असतो आणि पाण्याबाहेर आलेली पाठ लांबूनही दिसते. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते त्या मुखाजवळ, किंवा भोगवे-निवतीच्या बाजूला डॉल्फिन असतात. तास-दीड तासात परत.

आता दोन्हीकडचे किरकोळ फरक. आपल्याकडे हिंदी महासागरी हंपबॅक डॉल्फिन असतो. तो राखाडी, अडीच मीटरच्या आसपास लांबीचा असतो, आणि पाठीवरच्या पराखाली (कल्ल्यासारख्या त्रिकोणी पात्याखाली) बैलाच्या वशिंडासारखा उंचवटा असतो. कायकोराला डस्की डॉल्फिन असतो. तो दोन मीटरपेक्षा लहान, काळा-पांढरा आणि उड्या मारण्यात पटाईत. आपलं पाणी उबदार, तिथलं उन्हाळ्यातही १५ ते १८ अंश आणि हिवाळ्यात ९-१० अंशांवर उतरणारं. दोघांपैकी कोणीही मासा नाही. दोघेही हवेत श्वास घेणारे, पिल्लांना दूध पाजणारे सस्तन प्राणी आहेत. "डॉल्फिन मासा" हा शब्द आता सोडून द्यायला हवा, कारण श्वासासाठी त्याला वर यावंच लागतं हे डोक्यात नसलं की त्याच्यावर होडी घालण्यात काय वावगं आहे हेच कळत नाही.

खरी गफलत आहे ती पुढे. लोकांना वाटतं की फरक सोयींचा आहे. न्यूझीलंडमध्ये वेटसूट मिळतात, बोटी मोठ्या आहेत, म्हणून तिकडे पोहता येतं, आणि आपल्याकडे कोणी तशी सोय केली की इथेही पोहता येईल. हे चूक आहे. फरक आहे तो डॉल्फिन त्या जागी, त्या वेळी काय करत असतो यात.

हंपबॅक डॉल्फिन किनारा सोडून फारसा लांब जात नाही. वीस-पंचवीस मीटरहून कमी खोलीचं पाणी, खाडीचं मुख, वाळूचे बांध, खडकांच्या कडा हे त्याचं घर. खाडीच्या मुखाशी भरती-ओहोटीबरोबर मासे ये-जा करतात आणि त्यांच्यामागे तो असतो. म्हणजे तुम्ही सकाळी सातला देवबागच्या मुखाशी त्याला बघता, तेव्हा तो बहुधा पोटामागे असतो. पाणी नदीच्या गाळाने गढूळ, कळप लहान, बऱ्याचदा दहाच्या आतला. शिवाय हा स्वभावाने बुजरा. इतर काही जातींचे डॉल्फिन बोटीच्या पुढच्या टोकासमोर उठणाऱ्या लाटेवर स्वार होतात, हा सहसा होत नाही. त्याला नीट बघा: आधी तोंडाची लांब चोच तिरकी बाहेर येते, मग पाठ, मग वशिंड आणि त्यावरचा छोटा त्रिकोणी पर, आणि काही क्षणांत सगळं खाली. असे दोन-तीन श्वास, मग मोठी बुडी. तुमच्याकडे बघायला तो थांबत नाही.

कायकोराचं गणित उलटं आहे. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर, किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर समुद्राचा तळ एकदम खचतो आणि हजार मीटरहून खोल घळ सुरू होते. रात्र पडली की खोल पाण्यातले लहान मासे आणि माकुल (स्क्विड) वर सरकतात. डस्की डॉल्फिन रात्रभर तिथे खातात, आणि सकाळी पोट भरलेल्या अवस्थेत शेकड्यांच्या कळपाने किनाऱ्याकडे येतात. दिवसा त्यांचा वेळ विश्रांतीचा आणि एकमेकांशी खेळण्याचा. त्या खेळात पाण्यातल्या माणसाकडे ते कुतूहलाने येतात, मन भरलं की निघून जातात. यायचं की नाही हे तेच ठरवतात. माणूस ताशी तीन-चार किलोमीटर वेगाने पोहतो, त्यामुळे पाठलाग करून त्यांना गाठणं शक्यच नाही.

मात्र "दिवसा किनाऱ्याजवळ आला म्हणजे खेळायला आला" असाही नियम करू नका. हवाई बेटांजवळचा स्पिनर डॉल्फिनसुद्धा रात्री खोल समुद्रात खातो आणि दिवसा उथळ उपसागरात येतो, पण तिथे तो झोप घ्यायला येतो. रोज सकाळी त्याच वेळी माणसं पाण्यात उतरायला लागली की त्याची झोप मोडते. म्हणून अमेरिकेने ऑक्टोबर २०२१ पासून तिथे या डॉल्फिनच्या ५० यार्डांच्या, म्हणजे सुमारे ४५ मीटरच्या आत पोहण्यावर आणि होडी नेण्यावर बंदी आणली. न्यूझीलंडच्याच बे ऑफ आयलंड्समध्ये बॉटलनोज डॉल्फिनची संख्या १९९९ पासून ६६ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं आणि २०१९ मध्ये तिथलं पोहणं बंद झालं. जुने प्रवासलेख वाचून या दोन ठिकाणांचे बेत आजही आखले जातात. तसं करू नका.

दुबई, फुकेतला हौदात डॉल्फिनला मिठी मारून फोटो काढतात, तो प्रकार या तुलनेत बसतच नाही. तो कोंडलेला प्राणी आहे. भारताने २०१३ मध्ये डॉल्फिनचे असे हौद उभारायला परवानगी नाकारली, ते योग्यच केलं.

आता आपल्या होडीकडे परत. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत, डॉल्फिन आहे. त्या कायद्यात "शिकार" या शब्दाची व्याख्या फक्त मारण्यापुरती नाही. प्राण्याला हाकणं, आमिष दाखवणं आणि तसा प्रयत्न करणं हेही त्यात येतं. तीन होड्यांनी कळपाला घेरून किनाऱ्याकडे वळवणं किंवा मासे टाकून जवळ बोलावणं याला व्यवसायाचा भाग समजू नये.

घेरलेला कळप ओळखता येतो. आधी विस्कळीत असलेले प्राणी एकमेकांना चिकटतात. श्वासांमधलं अंतर वाढतं, बुड्या लांबतात. ते वर येतात तेव्हा दिशा बदललेली असते. शेपटीचा फटका पाण्यावर जोरात बसतो. यातलं काहीही दिसलं की होडी मागे घ्यायला सांगा. आई आणि पिल्लाच्या मधून होडी गेली तर पिल्लू मागे पडतं, आणि गढूळ पाण्यात त्याला आई सापडायला वेळ लागतो.

हे टाळायचं असेल तर निघतानाच, पैसे ठरवायच्या आधी, तांडेलाशी, म्हणजे होडी चालवणाऱ्या प्रमुखाशी, बोला. कळपापासून किमान ५० मीटर लांब राहायचं, त्यांच्या मागून किंवा समोरून न जाता बाजूने समांतर चालायचं, डॉल्फिन जवळ आले तर इंजिन न्यूट्रलला टाकायचं, एका कळपाजवळ वीस मिनिटांहून जास्त थांबायचं नाही, आणि आधीच दोन होड्या असतील तर लांबूनच बघायचं. "डॉल्फिन दिसले नाहीत तर पैसे परत" ही अट घालू नका. पाठलागाची सुरुवात तिथूनच होते. होडीवाल्याचं पोट त्या फेरीवर आहे. दिसले नाहीत तरी पूर्ण पैसे देणार, असं आधी सांगितलंत तर तो इंजिन बंद ठेवून शांत बसू शकतो, आणि शांत बसलेल्या होडीजवळ डॉल्फिन जास्त वेळ राहतात.

आपल्याकडे खाडीच्या मुखाशी पाण्यात उडी मारण्याचा धोका माणसालाही आहे. ओहोटीला खाडीच्या मुखातून पाणी समुद्राकडे जोरात ओढतं, उधाणाच्या दिवसांत तर फारच. खाली होडीच्या इंजिनाचा पंखा, आजूबाजूला जाळी, पाण्यात हात दिसत नाही. लाइफ जॅकेट घालूनही माणूस मुखाबाहेर वाहत जातो.

ज्यांना खरोखर पोहायचंच आहे त्यांनी कायकोराचा बेत करावा, पण तयारीने. नावाचा अर्थ मालवणी माणसाला आवडेल: माओरी भाषेत "काय" म्हणजे खाणं आणि "कोरा" म्हणजे शेवंड (लॉबस्टर). क्राइस्टचर्चहून उत्तरेला सुमारे १८० किलोमीटर, गाडीने अडीच तास. एका दिवसात जाऊन येता येतं, पण सकाळची फेरी घ्यायची तर पहाटे पाचच्या आत निघावं लागतं. आदल्या रात्री तिथेच मुक्काम करणं केव्हाही चांगलं. दुपारी वारा वाढतो, म्हणून शक्य असेल तर सकाळचीच फेरी घ्या. डिसेंबर ते फेब्रुवारीत पोहण्याच्या जागा लवकर भरतात. त्याच बोटीवर नुसतं बघणाऱ्यांचं वेगळं तिकीट असतं. आजी-आजोबा आणि पोहता न येणारे त्यात येऊ शकतात. मुलांसाठी वयाची अट असते, ती बुकिंगआधी बघा.

तिथले नियम १९९२ पासून लागू आहेत. एका कळपाच्या ३०० मीटरच्या आत तीनपेक्षा जास्त बोटी नाहीत, त्या अंतरात वेग अगदी कमी, आणि पिल्लं असलेल्या कळपात पोहायला सक्त मनाई. तिथला उन्हाळा (डिसेंबर ते फेब्रुवारी) हा पिल्लांचाही हंगाम, त्यामुळे कप्तान काही कळप मुद्दाम सोडून देतो. "एवढे डॉल्फिन दिसतायत, उतरू का देत नाही?" असं त्याला विचारत बसू नका.

उतरण्याची पद्धत अशी. बोट कळपाच्या पुढे बाजूला थांबते, तुम्ही मागच्या पायरीवरून पाण्यात सरकता. वेटसूटमुळे तरंगता येतं, पण खाली खोल समुद्र असतो आणि लाटा असतात. पालिकेच्या तलावात पाय टेकवत पोहणाऱ्याने आधी खोल पाण्याचा सराव करावा. थंडी चेहऱ्याला लागली की पहिली एक-दोन मिनिटं श्वास फुलतो. तेव्हा पायरीला धरून राहा, चेहरा दोन-तीनदा बुडवा, श्वास जाग्यावर आला की मग सोडा. बहुतेकांचं पहिलं उतरणं याच गडबडीत वाया जातं.

दुसरी अडचण मास्कची. मिशी असेल तर कडेतून पाणी शिरतं, चष्मा आत बसत नाही. नंबरचा मास्क मिळतो का ते विचारा, नाहीतर कॉन्टॅक्ट लेन्स लावा. जाण्याआधी तीन-चार वेळा तलावात स्नॉर्केलमधून तोंडाने श्वास घेण्याचा आणि नळीत शिरलेलं पाणी फुंकून काढण्याचा सराव करा.

पाण्यात हात अंगाशी. हात लावायचा नाही, मागे लागायचं नाही. नळीतून गुणगुणा, उंच-बारीक आवाज काढा, जमत असेल तर बुडी मारा, स्वतःभोवती फिरा. एखादा डस्की तुमच्याभोवती गोल फिरू लागला की त्याच्या डोळ्यात बघत त्याच दिशेने फिरत राहा. त्याची गोडी टिकेपर्यंत तो फिरतो, कधी अर्धा मिनिट, कधी बराच वेळ. नुसतं तरंगत राहणाऱ्याकडे ते फारसे वळत नाहीत. कळप पुढे गेला की भोंगा वाजतो, तुम्ही बोटीवर परत येता आणि बोट पुन्हा पुढे जाते. असं तीन-चार वेळा होतं. कॅमेरा पहिल्या दोन वेळा बोटीवरच ठेवा, कारण कॅमेरा धरलेला हात पुढे येतो, माणूस पाठलाग करू लागतो आणि डॉल्फिन निघून जातात.

बोट लागणं, म्हणजे लाटांनी मळमळ-उलटी होणं, ही तिथली सर्वांत मोठी अडचण आहे. अ‍ॅव्होमिनसारखी गोळी निघण्याच्या तासभर आधी घ्यावी लागते, उलटी सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही. त्या गोळीने गुंगी येते, म्हणून गाडी चालवणाऱ्याने ती न घेता दुसऱ्या पर्यायासाठी डॉक्टरांना विचारावं. उपाशीपोटी जाऊ नका, कोरडं काहीतरी खा.

मालवणला एकाच दिवसात दोन्ही गोष्टी करायच्या असतील तर क्रम असा ठेवा: सात वाजता डॉल्फिनची फेरी, साडेआठला घावणे-चटणी, मग सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या खडकांत स्नॉर्केलिंग. भरतीची वेळ आदल्या दिवशी विचारून ठेवा. भरती पूर्ण होत आली की तिथलं पाणी जास्त निवळ असतं, ओहोटीला गढूळतं. क्रम उलटा केलात तर डॉल्फिनला जाईपर्यंत वारा सुटलेला असतो आणि लाटांच्या फेसात पाठ ओळखू येत नाही. पाण्यात उतरण्याची हौस त्या खडकांपाशी भागते. तिथे प्रवाळ आहेत, पट्ट्यापट्ट्यांचे सार्जंट मासे अगदी मास्कपर्यंत येतात. प्रवाळावर उभं राहू नका, आणि मासे जमवायला पाण्यात पाव टाकला जात असेल तर तो टाकू नका म्हणून सांगा.