फोन चार्ज होतो, पण संगणकाला दिसत नाही : पार्श्वभूमी

केबल लावली की फोन चार्ज होऊ लागतो, संगणकाच्या पडद्यावर मात्र काहीच येत नाही. किंवा फोनचं चिन्ह येतं आणि उघडून पाहावं तर आत रिकामं. यावर पहिला सल्ला मिळतो तो ‘ड्रायव्हर (संगणकाला फोन ओळखता यावा म्हणून लागणारं सॉफ्टवेअर) पुन्हा टाका’ असा. कधी त्याने काम होतं. पण बऱ्याचदा बिघाड कुठेच नसतो. फोनने तसंच वागावं असं ठरवून केलेलं असतं, आणि ते २०११ ते २०१८ या काळात टप्प्याटप्प्याने ठरत गेलं.

त्याआधीचे अँड्रॉइड फोन संगणकाच्या लेखी सरळ पेनड्राइव्ह होते. ‘मास स्टोरेज’ चालू केलं की फोन आपलं मेमरी कार्ड संगणकाच्या ताब्यात द्यायचा. ताब्यात म्हणजे अक्षरशः ताब्यात. या पद्धतीत संगणक थेट कार्डाच्या ब्लॉकवर, म्हणजे साठवणुकीच्या कप्प्यांवर, लिहितो, आणि त्याच वेळी फोननेही लिहिलं तर कार्डावरची सगळी मांडणी बिघडू शकते. म्हणून केबल असेपर्यंत कॅमेऱ्याला फोटो ठेवायला कार्ड नाही, कार्डावरची अ‍ॅप बंद. शिवाय विंडोजला वाचता यावं म्हणून तो भाग फॅट या फाइल मांडण्याच्या जुन्या पद्धतीचाच ठेवावा लागे. त्यामुळे अंतर्गत मेमरीचेही दोन तुकडे व्हायचे, एक अ‍ॅपसाठी, एक फोटो-गाण्यांसाठी. दुसऱ्यात भरपूर जागा मोकळी असतानाही पहिला भरला की ‘जागा शिल्लक नाही’ हा संदेश यायचा.

२०११ च्या अखेरीस अँड्रॉइड ४.० घेऊन आलेल्या फोनमधून मास स्टोरेज काढलं आणि त्या जागी एमटीपी (मीडिया ट्रान्सफर प्रोटोकॉल) ही फाइल देण्याघेण्याची पद्धत आणली. यावर झालेली ओरड अजून पूर्ण शमलेली नाही. माझ्या मते निर्णय योग्यच होता. एमटीपीत संगणक साठवणुकीला हात लावत नाही, तो फोनकडे फाइल मागतो आणि फोन ती देतो. मेमरीचे तुकडे करायची गरज संपली. केबल जोडलेली असताना फोन नेहमीसारखा चालू राहिला.

पण ओरड करणारेही चुकीचे नव्हते. संगणकावर फोनला मिळणारं ड्राइव्हचं अक्षर (E:, F: असं) गेलं, त्यामुळे डिलीट झालेले फोटो परत मिळवून देणारी साधनं निरुपयोगी झाली. एका वेळी एकच काम चालतं, म्हणून मोठी कॉपी सुरू असताना दुसरं फोल्डर उघडलं की खिडकी अडकते. सर्वांत त्रासदायक गोष्ट म्हणजे फोन संगणकाला दाखवतो ती यादी त्याच्या स्वतःच्या नोंदवहीतली असते. एखाद्या अ‍ॅपने आत्ताच बनवलेली फाइल तिथे नोंदली गेली नसेल, तर ती फोनवर दिसते, संगणकावर नाही. फोन बंद करून पुन्हा चालू केला की अवतरते. अनेकांनी याच घोटाळ्यापायी चांगल्या केबली फेकून दिल्या आहेत.

सगळ्यात मोठा गोंधळ घातला तो नावाने. डिजिटल कॅमेऱ्यांसाठीचा पीटीपी (पिक्चर ट्रान्सफर प्रोटोकॉल) वाढवून एमटीपी बनला तो गाणी वाजवणाऱ्या उपकरणांसाठी. ‘मीडिया’ आला तो तिथून. फोनच्या मेनूत कित्येक वर्षं ‘मीडिया डिव्हाइस’ आणि ‘कॅमेरा’ असे दोनच पर्याय होते. ज्याला एक पीडीएफ हलवायची आहे त्याने यातलं काय निवडायचं? ‘फाइल ट्रान्सफर’ हे सरळ नाव फार उशिरा आलं. विंडोजनेही एमटीपीला मीडियाच्या खात्यात टाकलं. युरोपात २००४ साली विंडोज बनवणाऱ्या मायक्रोसॉफ्टविरुद्ध स्पर्धाविषयक निकाल लागला आणि मीडिया प्लेअर वगळलेली विंडोजची ‘एन’ आवृत्ती काढावी लागली. तिच्यातून मीडियाबरोबर एमटीपीही गेलं. अशा संगणकावर मीडिया फीचर पॅक टाकेपर्यंत केबल कितीही बदला, फोनमधल्या फाइली दिसत नाहीत. मॅकमध्ये तर एमटीपीची सोयच नाही, वेगळं अ‍ॅप लागतं.

मग सुरक्षेचा प्रश्न आला. २०१३ मध्ये संशोधकांनी बनावट चार्जरमधून आयफोनमध्ये घातक अ‍ॅप घुसवून दाखवलं. त्याच वर्षीच्या आयओएस ७ पासून आयफोन ‘या संगणकावर विश्वास ठेवायचा का?’ असं विचारू लागला. २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून केबल लावताच फक्त चार्जिंग सुरू होतं. फाइली हव्या असतील तर वरची पट्टी खाली ओढून यूएसबीच्या सूचनेवर टॅप करून पर्याय बदलावा लागतो. २०१८ मध्ये आयओएस ११.४.१ ने लॉक असलेल्या फोनचं डेटाचं दार तासाभराने बंद करायला सुरुवात केली.

केबलचा मुद्दा त्या मानाने सोपा. साध्या यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात : लाल-काळी विजेसाठी, हिरवी-पांढरी डेटासाठी. फक्त चार्जिंगच्या केबलमध्ये हिरवी-पांढरी जोडी नसते आणि बाहेरून ते ओळखू येत नाही. अशा केबलवर फोनला आपण संगणकाला जोडलेलो आहोत हेच कळत नाही, म्हणून यूएसबीची ती सूचना येतही नाही. केबलवर संशय घ्यायचा तो इथे.

दर वेळी पर्याय बदलण्याचा कंटाळा असणाऱ्यांसाठी अलीकडच्या अँड्रॉइडमध्ये सेटिंग्जमधल्या डेव्हलपर पर्यायांत यूएसबीची कायमची निवड ठेवता येते. मात्र तीही लागू होते ती फोन अनलॉक असतानाच.