हीटरचे व्होल्टेज मोजताना सगळे व्हॉल्व्ह जागेवर हवेत

अमेरिकेहून परतताना सोबत आणलेले किंवा तिकडच्या नातेवाइकांनी पाठवलेले फिशर, स्कॉट, शेरवुडचे जुने व्हॉल्व्ह रिसीव्हर (रेडिओ आणि ॲम्प्लिफायर एकत्र असलेले सेट) आमच्याकडे दुरुस्तीला नेहमी येतात. त्यांच्यासोबत हीटरबद्दल, म्हणजे व्हॉल्व्हला आतून तापवणाऱ्या तारेबद्दल, एक प्रश्नही ठरलेला असतो : "हीटरला 6.3 च्या जागी सात व्होल्ट दिसतात, कमी कसे करू?"

आधी महत्त्वाचे सांगतो. व्हॉल्व्ह काढून हीटरचे व्होल्टेज मोजू नका. ट्रान्सफॉर्मरच्या हीटर वाइंडिंगवर लोड नसला की मीटर जास्तच दाखवणार. मध्यंतरी एक ग्राहक असाच सेट घेऊन आले. चासीवर चिकटपट्टी लावून त्यांनी सुवाच्य अक्षरात '7.3' लिहिले होते. हीटरचा करंट 5 ॲम्पिअर, एक व्होल्ट उतरवायचा, म्हणून 0.2 ओहमचा रेझिस्टन्स त्यांनी हीटरच्या तारेत घातला होता. हिशेब अगदी बरोबर होता, पण आकडा रिकाम्या सॉकेटवरचा. सगळे व्हॉल्व्ह बसवून आम्ही मोजले तर 5.5 भरले. म्हणजे मुळात साडेसहा होते, काहीच करायला नको होते. एफएम ओढत नाही, आवाज बसलाय, म्हणून त्यांनी चार 7591 आउटपुट व्हॉल्व्ह नवे विकत घेतले होते. जुने चारही आमच्या टेस्टरवर उत्तम निघाले. स्लीव्ह घालून वायरिंगमध्ये दडवलेला तो रेझिस्टन्स शोधण्यात आमचा अर्धा दिवस गेला.

तेव्हा मोजायचे असे : सगळे व्हॉल्व्ह लावा, सेट पंधरा मिनिटे चालू द्या आणि आउटपुट व्हॉल्व्हच्या हीटर पिनांवरच मीटर लावा. त्याच वेळी स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरमधून किती व्होल्ट निघतात तेही लिहून ठेवा. एकटा हीटरचा आकडा आमच्या उपयोगाचा नाही. 6.0 ते 6.6 मध्ये असेल तर हात लावू नका. जास्त झाले तर कॅथोडचा (इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या भागाचा) लेप लवकर उडतो. फार कमी झाले तर एमिशन (इलेक्ट्रॉन सुटणे) पडते आणि चांगला व्हॉल्व्हही मेल्यासारखा वागतो.

व्हॉल्व्ह लावूनही जास्तच येत असेल, तर दोष बहुतेक वेळा सेटच्या बाहेर सापडतो. सेटवर 117 व्होल्ट लिहिलेले, तुमचा ट्रान्सफॉर्मर 220 चे 110 करणारा आणि रात्री घरची लाइन 250 वर. मग सेटला 125 मिळतात आणि हीटर 6.7 वर जातो. त्याच प्रमाणात एचटीही (व्हॉल्व्हचे मुख्य, उच्च व्होल्टेज) चढते. हीटरला रेझिस्टन्स लावून फक्त हीटर सुधारतो. फिल्टर कंडेन्सर आणि आउटपुट व्हॉल्व्ह मार खातच राहतात. शिवाय 60 हर्ट्झसाठी गुंडाळलेला पॉवर ट्रान्सफॉर्मर आपल्या 50 हर्ट्झवर आधीच जास्त तापतो. त्यामुळे व्होल्टेज उतरवायचे ते सेटच्या आधी. यासाठी आम्ही 105, 110, 115 आणि 120 चे टॅपिंग असलेला स्टेप-डाउन गुंडाळून देतो. बाजारातल्यापेक्षा महाग पडतो, पण तांबे पूर्ण वापरतो, आणि तुमच्या घरच्या लाइनप्रमाणे टॅप निवडता येतो.

सेटला बरोबर 117 मिळूनही हीटर चढाच असेल, तरच रेझिस्टन्स. तो दोन्ही तारांत सारखा वाटून घालावा, नाहीतर हम (स्पीकरमधली घुमघुम) वाढण्याची शक्यता असते. 5 ॲम्पिअरवर अर्धा व्होल्ट उतरवायला प्रत्येक तारेत 0.05 ओहम लागतो : 0.1 ओहमचे, 5 वॉटचे दोन वायरवाउंड समांतर जोडायचे, कंडेन्सरपासून लांब. काही रिसीव्हरमध्ये फोनो (रेकॉर्ड प्लेअरच्या) प्रीॲम्पच्या 12एएक्स7 व्हॉल्व्हचे हीटर डीसीवर, सिरीजमध्ये, बायसच्याच (आउटपुट व्हॉल्व्हचा करंट ठरवणाऱ्या व्होल्टेजच्या) सप्लायवर चालतात. तिथे अंदाजाने काही बदलू नका. आउटपुट व्हॉल्व्हचा बायस सरकतो आणि ते लाल होईपर्यंत लक्षातही येत नाही.

सेट बंद करून प्लग काढला तरी फिल्टर कंडेन्सरमध्ये 400 व्होल्टच्या आसपास चार्ज राहू शकतो. तो उतरवायची सवय नसेल तर चासी उलटी करू नका, सेट आमच्याकडे आणा.

येताना घरी वापरता तो स्टेप-डाउनही आणा. "एवढे धूड कशाला?" असे बरेच जण म्हणतात, पण आमच्या बाकावर आमच्या ट्रान्सफॉर्मरवर 6.3 दिसले तरी तुमच्या घरी काय मिळते ते कळत नाही. घरच्या लाइनचे सकाळचे आणि रात्री अकराचे रीडिंग चिठ्ठीवर लिहून आणलेत तर बहुतेक सेटचे निदान त्याच दिवशी होते. दोन्ही सोबत आणल्यास मोजणीचे पैसे आम्ही घेत नाही.